पॅटर्न शोधू नका, प्राणी पाहा

नमस्कार सगळ्यांना, या या, मागे खुर्च्या आहेत अजून.

क्रोशानं समुद्रातल्या प्राण्यांची खेळणी विणायची म्हटलं की मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच, की ताई पॅटर्न आहे का, म्हणजे कोणत्या फेऱ्यात किती टाके हे लिहिलेला कागद? ऑक्टोपसचा आहे का, व्हेलचा आहे का, त्या गुलाबी जेलीफिशचा आहे का. आहेत नं, हजारो आहेत, फुकटही आहेत. पण आज मी पॅटर्न द्यायला आलेली नाही. मला हे सांगायचंय की पॅटर्न त्या प्राण्याच्या अंगातच असतो, त्याला नीट पाहिलं की कुठे टाके वाढवायचे, कुठे घटवायचे, शेपटी कोणत्या दिशेनं शिवायची हे तोच सांगतो. आणि आपण पडलो नागपूरचे, समृद्धीचा ७०१ किलोमीटरचा रस्ता संपतो तेव्हा कुठे मुंबई जवळ येते, म्हणजे समुद्रातला प्राणी आपल्याला रोज दिसत नाही, म्हणून कोणीतरी काढलेलं गोलमटोल चित्र आपण खरं धरून चालतो.

ऑक्टोपसच घ्या. खेळण्यातल्या बहुतेक ऑक्टोपसला वर मोठ्ठं डोकं, डोक्याच्या मधोमध दोन गोल काळे डोळे आणि खाली ८ हात. आता खऱ्या ऑक्टोपसचा फोटो मोबाईलवर काढा आणि दोन मिनिटं फक्त पाहा. वरची जी पिशवी आहे ती डोकं नाहीच, त्यात त्याचं पोट आहे, कल्ले आहेत, ३ हृदयं आहेत. डोळे खाली आहेत, हात जिथे सुरू होतात त्याच्या जरासे वर, आणि बुबुळ गोल नाही, आडव्या फटीसारखं असतं, तो वाकडा झाला तरी ते बहुतेक आडवंच राहते. तोंड तर दिसतच नाही कारण ते खाली, आठही हात जिथे मिळतात तिथे आहे. मग काय करायचं, डोळे खाली आणायचे, काळ्या दोऱ्यानं एक आडवी रेघ भरायची आणि हसणारं तोंड शिवायचं नाही. बस एवढंच. टाके तेच, लोकर तीच, पण आता तो ऑक्टोपस दिसतो, टोपी घातलेला लाडू नाही.

इथे पुष्कळ जणींना क्रोशे येते हे मला माहीत आहे, रुखवतातली तोरणं, ताटावरचे रुमाल, टीव्हीवरची कव्हरं आपल्या घराघरांत झालेली आहेत. रुमालाला उंच खांब लागतात, जाळी दिसायला पाहिजे. खेळण्याला उलटं, जाळी दिसली की आतला कापूस बाहेर येतो. म्हणून इथे जवळजवळ सगळं काम मुक्या खांबावर, म्हणजे बुटक्या घट्ट टाक्यावर, चालते आणि सुई लोकरीच्या लेबलवर लिहिलेल्या नंबरपेक्षा एखादा नंबर बारीक घ्यायची. अशा विणलेल्या, कापूस भरलेल्या खेळण्यांना जपानी लोकांनी अमिगुरुमी म्हणून जगभर नेलं, पण टाका आपल्या आजीचाच आहे.

आता आकड्यांचं सांगते, घाबरू नका. मॅजिक रिंगमधे, म्हणजे दोरा ओढून आवळता येते त्या सुरुवातीच्या कड्यात, ६ टाके, दुसऱ्या फेऱ्यात १२, मग १८, मग २४, दर फेऱ्याला ६ वाढतात, हे सगळे पाठ म्हणतात पण ६ च काहून? ५ का नाही, ८ का नाही? तर मुका खांब जेवढा रुंद असतो साधारण तेवढाच उंच असतो. एक फेरा वाढला की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्यानं वाढते, आणि त्रिज्या १ नं वाढली की परीघ २π (दोन पाय, गणितातला) म्हणजे ६.२८ नं वाढतो. आपण ६ धरतो. शाळेतलं पाय शेवटी इथे कामाला आलं, मला याचा फार आनंद होतो. ६ वाढवले तर चकती सपाट राहते, कमी वाढवले तर ती वाटीसारखी वळते आणि जास्त वाढवले तर कडा तळलेल्या पापडासारख्या लहरतात. या तीनच गोष्टी आहेत, सपाट, वाटी, लहर, आणि समुद्रातला कुठलाही प्राणी या तिघांत बसवता येतो. बरं, वाढीचे टाके दर फेऱ्यात एकावर एक नका घेऊ, नाहीतर गोलाऐवजी षटकोन होतो, थोडे मागेपुढे सरकवत जा.

पूर्ण गोळा पाहिजे असेल तर त्याचाही हिशोब सुंदर आहे. ६ फेरे वाढवले, ३६ टाके झाले, की ६ फेरे तसेच सरळ विणायचे आणि मग ६ फेऱ्यांत घटवायचे. जितके वाढीचे तितकेच सरळ तितकेच घटीचे, कितीही मोठा गोळा असो, कारण वरून खाली जायचं अंतर म्हणजे परिघाचा अर्धा भाग, आणि ३६ चा अर्धा १८, म्हणजे ६ चे तीन हिस्से. हे कागदावर करून पाहा एकदा, मग कोणाला विचारावं लागत नाही.

व्हेल गोळा नसतो, तो लांब असतो, मग त्याचं कसं? बाजूनं काढलेला फोटो ग्राफ पेपरवर गिरवा, तुम्हाला जेवढा मोठा पाहिजे तेवढा. आधी ६ फेऱ्यांची चकती विणा आणि मोजा, ती आरपार ६ सेंटिमीटर भरली तर त्यात १२ टाके, म्हणजे तुमचा टाका अर्ध्या सेंटिमीटरचा. मग चित्रावर दर अर्ध्या सेंटिमीटरला जाडी सेंटिमीटरमधे मोजा आणि तिला ६ नं गुणा, तेवढे टाके त्या फेऱ्यात, कारण परीघ जाडीच्या साधारण ३ पट आणि एका सेंटिमीटरमधे २ टाके. जाडी ५ तर ३० टाके, ७ तर ४२. झाला पॅटर्न, तुमचा स्वतःचा, तुमच्या हाताच्या घट्टपणाचा. ज्यांचा हात सैल त्यांची चकती मोठी येईल, त्यांचा गुणक वेगळा निघेल, काही बिघडत नाही. फक्त हे गोल अंगाच्या प्राण्याला चालते, पापलेट चपटं असते, त्याच्या दोन चकत्या विणून कड जोडायची.

आणि शेपटी, कृपा करून शेपटीकडे पाहा. माशाची शेपटी उभी असते, तो डावी-उजवीकडे हलवतो. व्हेल आणि डॉल्फिनची आडवी असते, ते वर-खाली हलवतात, कारण ते सस्तन आहेत, त्यांचे पूर्वज जमिनीवर चालणारे चार पायांचे प्राणी होते आणि पळताना पाठीचा कणा वर-खाली वाकायचा तोच आजही वाकतो. आपल्या कच्छमधे जुन्या व्हेलचे जीवाश्म सापडले आहेत. आता गंमत पाहा, गुजरातच्या किनाऱ्यावर येतो तो व्हेल शार्क, नावात व्हेल आहे पण आहे मासा, जगातला सगळ्यात मोठा मासा, त्याची शेपटी उभीच शिवायची, आणि बाकी शार्कसारखं तोंड खाली नाही, एकदम समोर, रुंद. पाठीवरचे पांढरे ठिपके फ्रेंच नॉटनं, म्हणजे सुईला दोरा गुंडाळून घातलेल्या गाठीनं, भरले की पोट्टे लगेच ओळखतात.

लहरीचं राहिलं. ४० साखळ्या घाला आणि परत येताना प्रत्येक साखळीत ३ मुके खांब घ्या, ती पट्टी आपोआप गुंडाळत जाते, कारण बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब झाली. जेलीफिशचे झालरीचे हात असेच होतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना टायमिना यांनी १९९७ मधे याच तत्त्वावर क्रोशाचं हायपरबोलिक प्रतल, म्हणजे सगळीकडे लहरत पसरणारा पृष्ठभाग, विणलं, जे कागदानं धड दाखवता येत नव्हतं ते लोकरीनं दाखवलं. मग २००५ पासून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी त्यातूनच क्रोशाचं प्रवाळ बेट उभं केलं आणि देशोदेशीच्या बायकांनी त्यात आपापलं विणलेलं घातलं. प्रवाळ, समुद्री गोगलगाय यांच्या कडा अशाच लहरतात. आपण झालर म्हणून विणत होतो ते गणित होतं, हे मला आजही फार मोठं वाटते.

महाराष्ट्राचा प्राणी विणायचा असेल तर माझा आग्रह ऑलिव्ह रिडले कासवाचा. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला ते अंडी घालायला येतात, गावातले लोक घरटी राखतात, पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक जातात. आपण फुटाळा-अंबाझरी तलावाच्या पाण्यातलं कासव डोळ्यांसमोर ठेवून विणलं तर चुकेल, कारण समुद्री कासव डोकं आणि पाय कवचात ओढून घेत नाही, त्याला बोटं वेगळी दिसत नाहीत, वल्ही असतात आणि पुढची वल्ही मागच्यांपेक्षा लांब. ऑलिव्ह रिडलेची पाठ जवळजवळ जितकी लांब तितकीच रुंद असते म्हणून साधी गोल चकती चालते, बाकी कासवांसारखी साखळीवरून लंबगोल सुरुवात नको. ४८ टाक्यांपर्यंत वाढवा, मग ३ फेरे सरळ, कवच घुमटासारखं होते. पोटाची चकती वेगळी, सपाट, फिकट पिवळसर. एकसंध विणून मधेच रंग बदलायला जाऊ नका, गोल गोल विणताना टाके थोडे तिरपे सरकतात आणि रंगाची रेघ वाकडी जाते. वर गडद खाली फिकट हे मात्र ठेवाच, वरून पाहणाऱ्याला ते खोल पाण्यात मिसळते, खालून पाहणाऱ्याला उजेडात.

लोकरीबद्दल थोडक्यात. मे महिन्यात आपल्याकडे ॲक्रिलिक हातात धरवत नाही, घाम येतो, टाका सरकत नाही, तेव्हा कॉटनचा दोरा घ्या, विदर्भात राहून कापसाला काय तोटा. कॉटन ताणत नाही म्हणून अजून बारीक सुई. आत फायबरचा कापूस भरा, थोडा थोडा, टोकापासून. तीन वर्षांखालच्या लेकराला द्यायचं असेल तर प्लास्टिकचे डोळे लावू नका, दोऱ्यानंच भरा, यात तडजोड नाही.

एका काकूंनी आत्ता विचारलं की वल्ही शिवताना कासव एकीकडे कलते. काकू, आधी टाचण्यांनी चारही वल्ही लावा, टेबलावर ठेवा, सगळ्या बाजूंनी पाहा, पटलं की मगच शिवा, आणि पुढची वल्ही कवचाच्या कडेखाली जरा पुढे, मागची शेपटीजवळ. वल्ह्यांत कापूस भरू नका, चपटीच ठेवा. मागच्या टेबलावर ३ आणि ३.५ मिलिमीटरच्या सुया आहेत, हिरवी-करडी लोकर आहे, कासवाचे तीन फोटो लावले आहेत. आधी फोटो पाहून या, मग आपण रिंग घालू.