वेशीबाहेरचं वेस्ट हॅम

तुमच्यापैकी कुणी पूर्व लंडनला गेलं असेल, तर ग्रीनवे नावाचा उंच बांध पाहिला असेल. लोक तिथे सायकली चालवतात, कुत्री फिरवायला नेतात. खालून आजही लंडनचा मैला वाहतो. जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने १८६० च्या दशकात बांधलेल्या मुख्य गटाराची ही पाठ. हा बांध ज्या गावातून गेला, त्या वेस्ट हॅमबद्दल मी आज बोलणार आहे.

ली नदी म्हणजे तेव्हा लंडनची वेस. पलीकडे एसेक्स परगणा, आणि त्यात वेस्ट हॅम. १८४४ च्या बांधकाम कायद्याने हाडं उकळणं, चरबी वितळवणं अशा घाण धंद्यांवर लंडनमध्ये निर्बंध आणले. कायदा नदीपाशी थांबला, धंदे नदी ओलांडून गेले. १८५५ मध्ये व्हिक्टोरिया गोदी सुरू झाली आणि कामगारांची रीघ लागली. १८५१ मध्ये जेमतेम १९ हजार वस्तीचं हे गाव १९०१ मध्ये २ लाख ६७ हजारांवर पोचलं.

ही माणसं राहिली कुठे? कॅनिंग टाउनसारख्या दलदलीत, मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली. संडासांची घाण उघड्या चरांत जायची, आणि चर वाहायला उतारच नाही. ती तिथेच सडायची. १८५५ मध्ये सरकारतर्फे पाहणीला आला आल्फ्रेड डिकन्स, कादंबरीकार चार्ल्सचा धाकटा भाऊ. पुढच्या वर्षी गावाला स्वतःचं आरोग्य मंडळ मिळालं.

मग १८६६ ची पटकी, म्हणजे कॉलऱ्याची साथ. लंडनमध्ये साडेपाच हजारांवर माणसं गेली, त्यातली बहुतेक पूर्वेकडची. विल्यम फार हा मृत्यूंच्या नोंदींचा जाणकार. एके काळी रोगाचा दोष तो दूषित हवेला द्यायचा. पण नोंदी मांडल्यावर त्याला दिसलं, की साथीचा प्रदेश एकाच पाणी कंपनीच्या नळांचा आहे. कंपनीच्या इंजिनिअरने वर्तमानपत्रात ठासून लिहिलं, की कित्येक वर्षांत न गाळलेल्या पाण्याचा थेंबही आम्ही दिलेला नाही. त्यावर ग्राहक पुढे आले. आमच्या नळातून बाम मासे निघालेत, म्हणाले! गाळणीतून बाम कसा येतो, हे तुम्हीच ठरवा. शेवटी कंपनीच्या ओल्ड फोर्ड इथल्या उघड्या तलावांतलं पाणी सोडलं गेल्याचं निष्पन्न झालं.

त्या भागाचं नवं गटारही तेव्हा अपुरंच होतं, कारण मैला उचलणारं ॲबे मिल्सचं पंपघर पुरं व्हायला १८६८ उजाडलं. काय देखणी इमारत आहे ती! एखादं चर्च वाटावं. आणि ती उभी आहे वेस्ट हॅमच्या हद्दीत. लंडनच्या सखल भागाचा मैला इथे उचलला जायचा आणि याच गावातून बांधावरून पुढे जायचा. पण वेस्ट हॅमला स्वतःचा मैला त्या गटारात सोडता येत नव्हता, कारण गाव लंडनची गटारं सांभाळणाऱ्या मंडळाच्या हद्दीबाहेरचं. ती जोडणी मिळेपर्यंत शतक सरत आलं होतं.