पिशवी घेऊन जा: व्हॅलेन्सियाचा बाजार

(एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हॅलेन्सिया शहराबद्दल आज बोलायचं आहे. तिथल्या समुद्रकिनाऱ्याची माहिती तुम्हाला कुठल्याही सहल कंपनीच्या पत्रकात मिळेल, ती मी देणार नाही. मी बोलणार आहे तिथल्या मंडईबद्दल, रस्त्यावर भरणाऱ्या आठवडी बाजाराबद्दल आणि ज्या शेतांतून आणि पाण्यातून तो माल येतो त्याबद्दल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. तिथे जाल तेव्हा बाजार बघायला जाऊ नका, बाजार करायला जा. राहण्यासाठी जमलं तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, हातात एक कापडी पिशवी ठेवा आणि घरी नेऊन शिजवता येईल असं काहीतरी विकत घ्या.

असं का म्हणते? बार्सिलोनाची बोकेरिया मंडई तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिथे पर्यटकांची इतकी दाटी झाली की 2015 मध्ये शुक्रवार-शनिवारच्या ऐन खरेदीच्या वेळी पंधराहून मोठ्या गटांना प्रवेशबंदी करावी लागली. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत रोजची भाजी घ्यायला कोण येणार? गिऱ्हाईक तुटलं की भाजीवाल्याला परवडत नाही. मग त्याच जागी कापलेल्या फळांचे पेले आणि तळलेल्या पदार्थांचे द्रोण विकायला येतात. व्हॅलेन्सियातही पर्यटक वाढले आहेत, पण तिथल्या मोठ्या मंडईत अजून शहरातली माणसं सकाळी ट्रॉली ओढत भाजी-मासळीला येतात. हे टिकावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा विषय निवडला.

या मंडईचं नाव मेर्कादो सेन्त्राल. काम 1914 मध्ये सुरू झालं आणि 1928 मध्ये राजा तेराव्या आल्फोन्सोच्या हस्ते उद्घाटन झालं. आठ हजार चौरस मीटरांहून मोठी जागा, लोखंडी खांब, रंगीत काचा, चिनी मातीच्या फरशांची नक्षी आणि मधोमध उंच घुमट. घुमटाच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारा एक पोपट आहे आणि शहरात त्याच्यावर फार जीव. पण इमारतीवर मी जास्त वेळ घालवणार नाही. तिच्या समोरच्या इमारतीबद्दल मात्र सांगायला हवं. ती आहे ला लोन्हा, रेशमाच्या व्यापाऱ्यांची पेढी. बांधकाम 1482 मध्ये सुरू झालं, 1996 पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. आत पिळदार खांबांचं दालन आहे आणि भिंतींवर वरच्या बाजूला चहूबाजूंनी लॅटिन मजकूर कोरला आहे. त्याचा आशय असा, की जो व्यापारी बोलण्यात फसवत नाही, शेजाऱ्याला दिलेला शब्द मोडत नाही आणि सावकारी व्याजाने पैसा लावत नाही, त्याची भरभराट होईल आणि शेवटी त्याला चिरंतन जीवन लाभेल. मान वर करून तो मजकूर पाहावा आणि मग रस्ता ओलांडून समोर भाजी घ्यायला जावं.

मंडई सोमवार ते शनिवार सकाळी साडेसातपासून दुपारी तीनपर्यंत उघडी असते. रविवारी बंद. गाळ्यापुढे रांग दिसत नाही, चार-पाच माणसं इकडेतिकडे उभी असतात. आपण गेल्यावर विचारायचं, ‘क्येन एस एल उल्तिमो?’, म्हणजे शेवटचं कोण? कोणीतरी हात वर करतं. त्या माणसानंतर आपला नंबर. आपल्या मागून कोणी येऊन हेच विचारलं की आपण हात वर करायचा. मग खुशाल शेजारच्या गाळ्यावर डोकावून या, नंबर जात नाही. दुसरा नियम म्हणजे फळं-भाजी आपण हाताळायची नाही. टोमॅटो दाबून बघायची आपली सवय तिथे चालत नाही. आज खायचे की परवा, एवढं सांगा, विक्रेती त्याप्रमाणे निवडून देते.

आता पिशवीत काय घ्यायचं? व्हॅलेन्सिया म्हटलं की पायेया आलाच. आपल्याकडच्या हॉटेलांत कोळंबी-शिंपल्यांनी सजलेला जो भात या नावाने येतो, तो मूळ पायेया समजू नका. व्हॅलेन्सियाचा पायेया शेतातला आहे. त्यात कोंबडी आणि ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गारोफो नावाचे मोठे पांढरे दाणे, टोमॅटो, लाल मिरचीची गोड पूड, केशर, ऑलिव्हचं तेल आणि पाणी. कधी रोझमेरीची काडी, कधी गोगलगायी. गारोफो आपल्याला अनोळखी नाही, आपण ज्याला डबल बी म्हणतो त्याच जातीची ती कडधान्याची वेल. हंगामात भाजीवालीच्या फळ्यावर हिरव्या शेंगांशेजारी सोललेले ओले गारोफो मांडलेले असतात. दाणा अंगठ्याच्या पेराएवढा, चपटा, साल इतकी पातळ की बोटाने दाबली तर सुटते. शिजला की आत लोण्यासारखा होतो आणि भाताचा सगळा रस पिऊन घेतो. घरी शाकाहारी असाल तर मांस वगळून या दोन शेंगांचा आणि हिवाळ्यात आर्टिचोक या फुलकळीसारख्या भाजीचा भात करा, उत्तम होतो.

तांदळाच्या दुकानात दोन पिशव्या शेजारी दिसतील, बोंबा आणि सेनिया. बोंबा महाग. त्याला पाणी जास्त लागतं आणि दाणा फुटत नाही, त्यामुळे नवशिक्याचा भातही बिघडत नाही. सेनिया चव जास्त ओढतो, पण एक-दोन मिनिटं इकडेतिकडे झाली की गिच्च होतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी बोंबाच घ्यावा. भात पसरट कढईत, एकदा तांदूळ घातल्यावर न ढवळता शिजवायचा. शेवटी बुडाला जो खरपूस थर धरतो त्यासाठी घरात भांडणं होतात.

मासळीला सोमवारी जाऊ नका. रविवारी बोटी समुद्रात जात नाहीत, त्यामुळे सोमवारी ओटे अर्धे रिकामे आणि जे असतं ते आधीचं. मंगळवारपासून जा. मेच्या सुमारापासून ऑगस्टपर्यंत गेलात तर क्लोचिना मागा. हे व्हॅलेन्सियाच्या बंदरातच तराफ्यांना दोर सोडून वाढवलेले छोटे शिंपले. इतर शिंपल्यांहून लहान, पण मांस घट्ट आणि चव जास्त. ज्या महिन्यांच्या नावात ‘र’ नाही त्याच महिन्यांत ते खायचे, असा तिथला हिशेब आहे आणि लोक तो पाळतात. करायला सोपे: लिंबू, लसूण, थोडी मिरी, झाकण ठेवून एक वाफ. पाणी घालायचं नाही, शिंपल्यांचंच सुटतं.

ओट्यांच्या टाक्यांत जिवंत ईल मासेही दिसतील. शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचं मोठं गोड्या पाण्याचं सरोवर आहे, भोवती भातशेती आहे, आणि लसूण-लाल मिरचीत शिजवलेला ईल हा तिथल्या कोळ्यांचा जुना पदार्थ. पण युरोपी ईल आज नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावर आहे. मी स्वतः तो घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नये असं मला वाटतं. त्याऐवजी खारवलेल्या माशांच्या गाळ्यावर थांबा. मोहामा म्हणजे ट्यूनाची खारवून वाऱ्यावर सुकवलेली लांब, गडद लाल वडी. तिचे कागदासारखे पातळ काप काढून वर ऑलिव्ह तेलाचे थेंब टाकतात. गोल लाकडी टोपात खारवलेल्या चपट्या सार्डिन चाकाच्या आऱ्यांसारख्या रचलेल्या असतात, डोकी बाहेर आणि शेपट्या मध्यावर. सुकी मासळी आवडणाऱ्या माणसाला तिथून हलवणं कठीण.

ही भाजी येते कुठून, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. व्हॅलेन्सियाभोवती सपाट, बागायती शेतांचा पट्टा आहे. त्याला ओर्ता म्हणतात. शहरातून सायकलवर अर्ध्या तासात तुम्ही वाफ्यांच्या मधोमध पोचता. तिथले पाट मुसलमानी राजवटीपासून चालत आले आहेत. तूरिया नदीचं पाणी आठ मोठ्या पाटांतून वाटलं जातं आणि पाण्यावरून तंटा झाला तर तो सोडवायला पाणी-न्यायालय आहे. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारापाशी शेतकऱ्यांनीच निवडलेले पाटांचे प्रतिनिधी काळे झगे घालून गोलाकार बसतात. एकेका पाटाचं नाव पुकारतात. तक्रार असेल तर तिथल्या तिथे तोंडी सुनावणी आणि तोंडी निकाल. वकील नाही, अपील नाही. बहुतेक गुरुवारी तक्रारच नसते आणि काही मिनिटांत काम संपतं. 2009 मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. शेतकऱ्याला स्वतःचा माल मध्यस्थाविना थेट विकता यावा म्हणून ‘तीरा दे कोन्तार’ नावाचा जुना हक्कही आहे. आज तो शहराच्या घाऊक बाजारात चालतो. म्हणून गाळ्यावर ‘दे लोर्ता’, म्हणजे ओर्तातलं, अशी पाटी दिसली तर तिथून घ्या. ओर्ताच्या जमिनीवर रस्ते, गोदामं, वसाहती यांचा दाब वर्षानुवर्षं आहे. 29 ऑक्टोबर 2024 च्या महापुरात शहराच्या दक्षिणेकडची गावं आणि शेतं बुडाली, प्रांतात दोनशेहून अधिक माणसं गेली. शहराचा मध्यभाग वाचला, कारण 1957 च्या पुरानंतर नदीचं पात्रच दक्षिणेला वळवलं होतं. मंडई शाबूत राहिली आणि तिला भाजी-तांदूळ पुरवणारा भाग चिखलात गेला, हे विसरता येत नाही.

गुरुवार आणखी एका कारणासाठी राखून ठेवा. समुद्राजवळ काबान्याल ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे, घरांच्या दर्शनी भिंतींवर रंगीत फरशा असलेली. मोठा रस्ता थेट समुद्रापर्यंत नेण्यासाठी हिच्यातली शेकडो घरं पाडायची योजना होती. रहिवासी अनेक वर्षं लढले आणि त्यांनी ती हाणून पाडली. गुरुवारी सकाळी तिथल्या मंडईभोवती रस्त्यावर बाजार भरतो: कपडे, चपला, चादरी, शेजारी फळं आणि ऑलिव्ह. दहाच्या सुमाराला जवळच्या एखाद्या बारमध्ये शिरा. ही वेळ एस्मोर्सारची, दुपारच्या जेवणाआधीच्या भरपेट न्याहारीची. टेबलावर आधी सालासकट भुईमूग आणि ऑलिव्ह येतात, मग हातभर लांब पावात अंड्याचं आमलेट किंवा मांस, आणि शेवटी रम जाळून केलेली कॉफी. गवंडी, पोस्टमन, आजोबा, सगळे एकाच खोलीत बसून खात असतात. बारा वाजता न्यायालय गाठायचं असेल तर साडेअकराला उठा.

उन्हाळ्यात दुपारी ओर्चाता प्या. हे दिसायला दूध, पण दुधाचा थेंब नाही. चुफा नावाच्या छोट्या कंदांपासून होतं आणि चुफा आपल्या शेतातल्या लव्हाळ्याच्या, नागरमोथ्याच्या कुळातली. आपला शेतकरी ज्याला तण म्हणून खुरपून टाकतो त्याचा हा चुलतभाऊ उत्तरेकडच्या आल्बोराया गावच्या भुसभुशीत वाळूत मुद्दाम पेरतात. वसंतात लागवड, हिवाळ्याच्या तोंडाला काढणी, मग काही महिने वर-खाली करत सावकाश सुकवणं. नंतर भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून थंडगार. सोबत फार्तोन नावाचा लांबुळका गोड पाव असतो. तो बुडवून खायचा. बाटलीबंद घेऊ नका, त्या दिवशी केलेली कुठे मिळते ते मंडईत भाजीवालीलाच विचारा. आणि सुकलेली चुफा पाव किलो पिशवीत टाका. रात्रभर भिजवून नुसती चावून खाल्ली तरी खोबऱ्यासारखी गोड लागते.