1940 सालचं भाडं

(दृश्य: गिरगावातली चाळ, जिन्याखालचे टेकू)

हे टेकू ज्या सागवानी तुळईला दिलेत, तिचं टोक भिंतीत आहे. मोरीचं पाणी त्या भिंतीत मुरतं आणि तुळई आधी टोकाशीच कुजते. वरून रंग मारला की कूज झाकली जाते. खरी दुरुस्ती म्हणजे मोरी फोडून गळती बंद करायची, वरचा भार टेकूवर घ्यायचा, कुजलेलं टोक कापून लोखंडी गर्डर बसवायचा. नुसता गर्डर घातला आणि मोरी तशीच ठेवली, तर तोही गंजतो. हा खर्च भाड्यातून निघत नाही.

(दृश्य: भाडेपावतीचं पुस्तक)

कारण 1947च्या मुंबई भाडे कायद्यानं प्रमाणित भाडं, म्हणजे मालकाला कायद्यानं घेता येणारं भाडं, 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधलं. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला हा आधार हवाच होता. पण कायद्याची मुदत वाढत राहिली. वाढवताना चाळीतली मतं मोजली गेली. जे अजून जन्मले नव्हते, त्यांचं मत कुठलं? 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या तरतुदी आता वाजवी उरल्या नाहीत, असा निर्वाळा दिला. मग 1999चा कायदा आला. त्यात जुन्या भाड्यावर एकदा पाच टक्के आणि पुढे दरसाल चार टक्के वाढ. शंभर रुपये भाडं असेल, तर वर्षाला चार रुपये. भाडेकरूमागे, सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो. पागडीलाही, म्हणजे जागा देताना भाड्याशिवाय घेतल्या जाणाऱ्या एकरकमी रकमेलाही, याच कायद्यानं मान्यता दिली.

(दृश्य: मालमत्ता कराची बिलं)

2010पर्यंत मुंबईत मालमत्ता करही भाड्यावरच ठरायचा. वार्षिक भाड्यातून 10 टक्के वजा केले की करपात्र मूल्य. भाडं गोठलं, तसा करही गोठला. त्याच गल्लीत नव्या इमारतीत घर घेणारा मात्र कित्येक पट कर भरायचा, पाणी आणि रस्ता तेच असताना. 2010मध्ये भांडवली मूल्याची पद्धत आली, पण जुन्या घरांच्या करवाढीवर मर्यादा घातल्यानं ही तफावत एका झटक्यात मिटली नाही.

(दृश्य: दलालाच्या दुकानावरची पाटी)

1 फेब्रुवारी 1973ला जे भाडेकरू म्हणून नव्हे, तर मालकाच्या परवान्यावर (लायसन्सवर) राहत होते, त्यांना कायद्यानं भाडेकरूचा दर्जा दिला. घरमालकांनी धसका घेतला तो तेव्हापासून. म्हणून आजचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार: अनामत, नोंदणी, दलाली, आणि मुदत संपली की वाढीव भाडं किंवा नवं घर.

(दृश्य: पुनर्विकासाचा टॉवर, क्रेन)

उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी जुनी चाळ मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 33(7)खाली पाडली, की जुन्या रहिवाशाला किमान 300 चौरस फुटांचं मालकीचं घर मोफत मिळतं. ते त्याला मिळायलाच हवं. पण बिल्डर तो खर्च वरच्या विक्रीच्या घरांतून काढतो, आणि ती घरं घेणारा वीस वर्षं हप्ते भरतो.