वाळूखालचं बालपण

सह्याद्रीच्या दाट जंगलातला ओढा. पावसाचा जोर ओसरलाय, पाणी नितळ झालंय, पण खळाळ कायम आहे. समोरच्या ओल्या दगडावर नीट पाहा. अंगठ्याच्या पेराएवढा, दगडाच्याच रंगाचा एक नर बेडूक बसलाय.

स्वरपिशवी फुगवून तो ओरडतो, पण या खळाळात नुसत्या आवाजावर भागत नाही. मग तो मागचा एक पाय उचलतो, पूर्ण ताणतो, बोटं फाकवतो. बोटांमधला पडदा दिसतो आणि पाय पुन्हा पोटाशी येतो. शेजारच्या नराला हा इशारा आहे: जागा माझी, लांब राहा. तरीही तो पुढे आलाच, तर लाथ बसते.

हा कोट्टिगेहारा नाचरा बेडूक. प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांनी १९३७ साली त्याची विज्ञानाला ओळख करून दिली. नाचऱ्या बेडकांचं हे अख्खं कूळ जगात फक्त पश्चिम घाटात आढळतं. २०१४ मध्ये त्यात एकदम १४ नव्या जातींची भर पडली.

नाचाचं कौतुक खूप झालं. खरी नवलाई मात्र पाण्याखाली आहे.

उथळ प्रवाहात मादी मागच्या पायांनी तळ उकरते. खड्ड्यात अंडी घालते आणि वाळू-खडे लोटून तो बुजवते. हे सगळं काम तिचं एकटीचं.

पिल्लं पुढे कुठे जातात, हे कोडं बराच काळ सुटलं नव्हतं. २०१६ मध्ये याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीत उत्तर मिळालं: ती तळातल्या वाळूतच असतात! या टॅडपोलचं, म्हणजे बेडकाच्या पिल्लाचं, अंग लांबुळकं, वळवळतं. डोळ्यांवर कातडीचं आवरण. तोंडात दात नाहीत, जबड्याला करवतीसारखी कड आहे. आणि टॅडपोलमध्ये क्वचितच दिसणारी गोष्ट म्हणजे बरगड्या. वाळूतून वाट काढताना स्नायूंना त्यांचा आधार मिळत असावा. आतड्यात सापडली वाळू आणि तिच्यासोबत कुजकट सेंद्रिय कण. त्यावरच हा जीव अंधारात वाढतो आणि छोटा बेडूक होऊनच बाहेर येतो.

म्हणजे या बेडकाला ओढ्याचं पाणी हवं, तसाच ओढ्याचा तळही हवा. वाळू उपसली, की अंडी आणि पिल्लं तिच्याबरोबरच जातात. पाणी वरच्या अंगाला अडवलं किंवा पाऊस कमी झाला, तर ऐन विणीच्या दिवसांत ओढा आटतो. अशा वेळी दगडावर नर नाचताना दिसला, तरी त्या ओढ्यात पुढची पिढी वाढत असेलच असं नाही.