वाटी, चमचा आणि कालचं जेवण

(दृश्य : सकाळ, नागपुरातल्या महाल भागातला पोह्यांचा ठेला)

सकाळचे सात. महालातल्या या ठेल्यावर पोह्यांवर चणे आणि लालभडक तर्री, म्हणजे तेलाचा तिखट रस्सा पडतो, वर चिवडा आणि कांदा. गर्दीतली ही मुलगी प्लेट घेते, पण खात नाही. पिशवीतून छोटा वजनकाटा काढते. आधी नुसते पोहे, मग चणे, मग तर्री. एकेक वजन वहीत उतरतं. एका पातेल्याला किती तेल लागतं आणि त्यात किती प्लेटा निघतात, हे ठेल्यावरचे काकाच तिला सांगतात.

ती गृहविज्ञानात पीएच.डी. करते आहे. विषय आहे नागपुरातल्या बायकांच्या खाण्याच्या सवयी आणि वजन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या तक्त्यात ५२८ अन्नपदार्थांचे घटक आहेत. पण तो तक्ता मुख्यतः कच्च्या जिनसांचा. तर्री, सावजी रस्सा, सांबारवडी (म्हणजे कोथिंबिरीची वडी) यांचा हिशेब असा भांड्याजवळ उभं राहूनच जुळवावा लागतो.

(दृश्य : इतवारीतलं घर, फरशीवर मांडलेल्या वाट्या)

दुपारी बायकांना जरा उसंत मिळते, म्हणून घरोघरी जायची वेळ हीच. मे महिन्याच्या उन्हातही हीच.

या वाट्या बघा. प्रत्येकीत किती मिलिलिटर मावतं ते आधीच मोजून ठेवलेलं. शेजारी चमचे, पळी, तीन आकारांच्या पोळ्यांची चित्रं. आता प्रश्न एकच. ''काकू, काल सकाळी उठल्यापासून काय काय घेतलं?''

''च्या घेतला. मंग काही नाही, जेवलीच डायरेक्ट.''

वहीत दोन ओळी. इथे थांबलं तर अभ्यास इथेच संपतो. म्हणून ती तोच दिवस पुन्हा फिरवते. मुलांचे डबे भरताना? भाजीचं मीठ बघताना? सगळ्यांचं आटोपल्यावर?

''हो व बाई, पोराचा अर्धा पराठा उरला होता, तो घेतला. अन् रात्रीचा भात होता, तो फोडणी देऊन घेतला. फेकाव काहून?''

दोन ओळींच्या आता अकरा झाल्या आहेत. वाया जाऊ नये म्हणून खाल्लेलं, उभ्याउभ्या खाल्लेलं, सगळ्यांच्या मागून खाल्लेलं. ते विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि विचारायला असं मांडी घालून बसावं लागतं. लठ्ठपणावर सल्ले पुष्कळ मिळतात. ऐकायला बसणारं माणूस क्वचित भेटतं.

मग तेलाचा डबा. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर लागतं, म्हणजे माणशी रोज साधारण ३० ग्रॅम. एवढ्यातून जवळपास २७० कॅलरी आल्या. पण घरातलं सगळं तेल सारखं वाटलं जात नाही. पहिली गरम पुरी कुणाच्या ताटात पडते, तेही ती लिहून घेते.

(दृश्य : बंद दार, बाहेर ठेवलेल्या चपला)

वजन आणि कंबर मोजताना कॅमेरा बाहेर थांबला. घरातले पुरुषही. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर. आकडा ती मोठ्याने वाचत नाही. भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात आणि बायकांची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत ठीक समजतात. सारख्याच बीएमआयच्या दोघांच्या अंगात चरबी मात्र खूप वेगळी असू शकते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचं आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचं उदाहरण देऊन हे दाखवलं. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी एकाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के बायकांचं वजन जास्त निघालं, १८.७ टक्के बायकांचं कमी. वजन वाढलं की मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांचा धोकाही वाढतो.

(दृश्य : रात्र, भाड्याची खोली, लॅपटॉप)

फेलोशिप वेळेवर येतेच असं नाही. वजनकाट्याचे सेल, पेट्रोल, झेरॉक्स सगळं खिशातून. दिवसभरात ऐकलेलं रात्रीच ग्रॅममध्ये उतरवायचं, नाहीतर पळीचा आकार डोक्यातून जातो.

एका दिवसावरून सवय कळत नाही. उद्या गुरुवार, इतवारीतल्या काकूंचा उपवास. साबुदाणा, शेंगदाण्याचा कूट आणि तूप यांचं माप घ्यायला परवा पुन्हा त्याच घरी जायचं आहे.