रामसेंचं भूत आणि आपला वेतोबा

मंडळी, रामसेपट म्हणजे रामसे बंधूंचे कमी पैशातले हिंदी भुताटकीचे सिनेमे. त्यांची कुळकथा एका मराठी लेखकापाशी सुरू होते. १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आला. निर्माते फतेहचंद रामसे, दिग्दर्शक ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर! चित्रपट आपटला. पण मुखवटा चढवून पृथ्वीराज कपूर संग्रहालयात चोरी करायला शिरतात, तेवढ्या प्रसंगाला पब्लिक खूश. तुलसी आणि श्याम या फतेहचंदांच्या मुलांनी ते हेरलं. मग अख्खा पिच्चरच तसा का नको?

१९७२चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यातून निघाला. सगळं कुटुंब महाबळेश्वरला मुक्कामाला. दिग्दर्शन तुलसी-श्यामचं, कॅमेरा गंगूचा, आवाज किरणचा, लेखन कुमारचं. पगाराचा प्रश्नच मिटला. सेटचंही तसंच. ‘पुराना मंदिर’मधली हवेली आठवते? तो आपल्या मुरुडच्या नवाबाचा राजवाडा. आणि त्यातला सैतान सामरी म्हणजे रुडकीला शिकलेला उंचापुरा इंजिनिअर, अजय अग्रवाल. तो नुसता उभा राहिला तरी काम भागायचं.

यात श्याम रामसेंची हुशारी अशी की ते भूत लवकर दाखवत नसत. धूर, एखादा दिवा, करकरणारं दार, आणि बराच वेळ काहीच नाही. अंधाराला भाडं लागत नाही हे त्यांना पक्कं कळलं होतं. मधली जगदीपची कॉमेडी मात्र मला आजही सोसत नाही.

धंदा बी आणि सी सेंटरवर, म्हणजे लहान शहरांत आणि तालुक्याच्या गावांत. कोकणात तर १९९८पर्यंत रेल्वे पूर्ण झाली नव्हती. रिळांच्या पेट्या घाट उतरून येईपर्यंत मुंबईतली पोस्टरं फाटलेली असायची. तरी गर्दी व्हायची.

आता तुम्ही विचाराल, मुरुडपर्यंत आलेल्या माणसाला आपल्या कोकणातल्या भुतांपैकी देवचार, मुंजा, गिऱ्हा दिसला नाही? सिंधुदुर्गात आरवलीला वेतोबा आहे. भुतांचा राजा, पण आपण त्याला केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतो, कारण रात्री गावाची राखण करताना त्याच्या वहाणा झिजतात. रामसेंचं भूत झगा घालून विलायतेहून आलेलं. १९९०चा ‘बंद दरवाजा’ पाहा, सरळ ड्रॅक्युला. मी त्यांना दोष देत नाही. वेतोबा कळायला प्रेक्षक सिंधुदुर्गातला हवा, फार तर गोव्यातला. ठाकूर, हवेली आणि शाप कानपूरलाही चालतो, कणकवलीलाही. कमी पैशात सिनेमा करणाऱ्याला एका जिल्ह्याचं भूत परवडत नाही.

१९९३ला टीव्हीवर ‘झी हॉरर शो’ सुरू झाला. केला कोणी? याच भावांनी. आठवड्याला एक भूत घरात, तेही फुकट; मग तिकीट काढून थिएटरात कोण जाणार? रामसेंचं गिऱ्हाईक रामसेंनीच घरी बसवलं. श्याम रामसे पुढेही अधूनमधून सिनेमे करत राहिले, पण ती गर्दी पुन्हा जमली नाही.