सहा, सहा, सहा, चार

[पहाटेचा अंधार. कौलांवर पाऊस. पेटीचा एकच स्वर.]

ही काळी एक, पेटीची पहिली काळी पट्टी. बाबांचा सा हाच. आमच्या घरात दिवसाचा पहिला आवाज हाच. पंधरा-वीस मिनिटं बाबा या एका सुरापाशी बसतात. गात नाहीत, नुसता सा लावतात. घशाच्या आधी कान जागा व्हावा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

आमचं गाव फोंडा तालुक्यात. बाबा पणजीला सरकारी कचेरीत नोकरी करतात. गुरू केला नाही, बिदागी कधी घेतली नाही. गावच्या भजनात पेटी धरतात आणि घरी अभंग लिहून त्यांना चाली लावतात. माझं वय आहे तितकी वर्षं मी हे पाहत आले आहे.

पावसाळ्यात पेटीला जपावं लागतं. दमट हवेनं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, पितळेची रीड काळवंडते आणि सूर हलतो. म्हणून कपाटात एक लहान बल्ब चोवीस तास जळतो. पेटी त्याच्या उबेला असते.

[फोंडा बसस्थानक. छत्र्या.]

फोंडा ते पणजी तीसेक किलोमीटर. बसमध्ये बाबा एका कानात इअरफोन घालतात, दुसरा कान कंडक्टरसाठी. आठवडाभर एकच ध्वनिमुद्रण. सोमवारी ते नुसतं ऐकायचं, मंगळवारी फक्त ठेका, बुधवारी गाणाऱ्याचा श्वास कुठे तुटतो ते.

वाटेत मंगेशी लागतं. दीनानाथ मंगेशकर तिथे १९०० साली जन्मले, जितेंद्र अभिषेकी १९२९ साली. पण बाबांचं दैवत गायिका केसरबाई केरकर. आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या, जन्म १८९२ चा. १९७७ साली नासाची दोन व्हॉयेजर यानं अंतराळात निघाली, तेव्हा त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली होती. त्या तबकडीवर भारतातलं संगीत म्हणून एकच मुद्रण आहे, केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. बाबांना त्या प्रवासापेक्षा साडेतीन मिनिटांचं नवल जास्त. एवढ्या थोडक्या वेळात केसरबाईंना कुठेच घाई नाही, हे ते मला किती वेळा ऐकवतात. मलाही आता ते ऐकू येतं.

[वही. पेन्सिलीचं अक्षर, खूप खाडाखोड.]

घरी आम्ही कोंकणी बोलतो. बाबांचं रागावणं कोंकणीत, लाड कोंकणीत. लिहिणं मात्र मराठीत, कारण लहानपणी देवळात कानावर पडलं ते तुकोबा-नामदेवांचं. यात काही विसंगती आहे असं मला कधी वाटलं नाही. गोव्यातल्या कितीतरी घरांत असंच आहे.

या आषाढात एक अभंग सुरू झाला. मोठ्या अभंगाची मोजणी ठरलेली: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. बाबा बोटांची पेरं मोजत म्हणाले:

अंगणी पाऊस, ओसरीत पेटी,
देवाजीच्या भेटी सूर निघाला.

शेवटी पाच अक्षरं झाली होती. 'निघाला' त्यांना सोडवेना, कारण त्या शब्दात चालणं आहे. पाऊस म्हणून चाल देस रागात बांधली. चार दिवस घरभर तीच गुणगुण, आईसुद्धा भाकऱ्या थापताना म्हणायला लागली. पाचव्या दिवशी बसमध्ये जुन्या नाट्यपदांचं एक मुद्रण लावलं, आणि मुखडा, म्हणजे चालीची पहिली ओळ, तोच! अगदी तीच जागा. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी वहीतलं स्वरलेखन खोडलं. कोणाला कळलंही नसतं, असं मी म्हणाले. बाबा काही बोलले नाहीत.

इतकं ऐकणाऱ्याला हा धोका नेहमीचाच. ऐकलेलं आत मुरतं आणि आपलं म्हणून वर येतं. त्यासाठी ऐकणं कमी करावं, असं मात्र बाबांना कधी वाटलं नाही.

[ओसरी. वाड्यावरची मुलं घुमट घेऊन.]

श्रावण लागला की चतुर्थीच्या आरत्यांचा सराव आमच्या ओसरीवर चालतो. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड मोकळं. उजव्या हातानं थाप मारायची आणि डाव्या तळव्यानं मागचं तोंड झाकत-उघडत आतली हवा खेळवायची. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकरीचं लावतात. २०१९ साली सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. ओसरीवरच्या मुलांना त्याचं अप्रूप नाही. पावसानं कातडं सैल पडलं की ती ते चुलीजवळ धरून तापवतात आणि पुन्हा वाजवतात.

त्या संध्याकाळी बाबा चहाचा कप हातात घेऊन उभेच राहिले. मग मला जवळ बोलावलं. "आयक गो." थाप संपल्यावर मडक्यात जी घूम राहते, ती ऐक म्हणाले.

त्याच रात्री 'निघाला' गेला.

देवाजीच्या भेटी सूर गेला.

भजनी ठेक्याच्या आठ मात्रा. तीन चरणांना सहा-सहा अक्षरं, शेवटच्याला चारच, म्हणजे तिथे गळ्याला जागा उरते. पाचवं अक्षर ती जागा खात होतं. आता 'गे' वर थांबता येतं, सूर लांबवता येतो, आणि तो खरंच कुठेतरी गेल्यासारखा वाटतो. नवी चाल साधी आहे, जेमतेम पाच सुरांत फिरणारी. यावेळी बाबांनी ती आधी तीन जाणत्या भजन्यांना ऐकवली. कुठे ऐकली आहे का, एवढंच विचारलं. तिघांनीही नाही म्हटलं.

[देऊळ. सोमवार. समया, टाळ, पखवाज.]

इथे ते पहिल्यांदा म्हणताहेत. पहिल्या आवर्तनात मागचे गप्प आहेत. दुसऱ्यात टाळ धरलेले आजोबा हळूच 'गे' वर सूर मिळवतात. तिसऱ्यात सगळेच.

भजन संपल्यावर आजोबांनी विचारलं, अभंग कुणाचा? शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव यायला हवं, तशी रीतच आहे. बाबांच्या वहीत ते कडवं लिहून झालंय. नावापुरती तीन अक्षरांची जागा तेवढी कोरी आहे.

[पहाट. काळी एक.]